मूठमातीचा इतिहास

श्रोतेहो, भाषणाला आरंभ करण्यापूर्वी आपणांपैकी प्रत्येकाने मनातल्या मनात एक लहानसा हिशेब करावा, अशी आमची विनंती आहे. वडिलांचे नाव आठवावे, ते आठवेलच. आजोबांचे आठवावे, तेही बहुतेकांना आठवेल. मग पणजोबांचे आठवावे. येथे सभेतील निम्म्या माना खाली जातील. खापरपणजोबांचे नाव विचारले तर एखाददुसराच हात वर होईल. आणि पणजीचे माहेरचे नाव काय, हा प्रश्न आम्ही आपणांस विचारीतच नाही. कारण तो आम्ही स्वतःला विचारला तेव्हा आम्हांसही उत्तर देता आले नव्हते.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. रोजंदारीवरील मजुरांची गाऱ्हाणी लिहून काढणे हेच आमचे आयुष्यभराचे काम. अशा माणसाने इतिहासावर बोलण्याचे धाडस का करावे, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर एवढेच की, ज्याच्यापाशी कागद नाही अशा माणसाची बाजू कशी मांडावी, याचा आम्हांस थोडाफार अनुभव आहे. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, त्यांच्यापाशीही कागद नव्हता.

आपल्या शास्त्राने श्राद्धासाठी तीनच पिढ्यांची नावे मागितली आहेत. पिता, पितामह आणि प्रपितामह. त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपाने पाहावे, असा संकेत आहे. त्यापलीकडचे सारे पितर एका ओंजळीत येतात. आता गंमत अशी की, आजचा कायदासुद्धा नेमक्या तीनच पिढ्या विचारतो. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्यात आदिवासी नसलेल्या, परंतु पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा, असे म्हटले आहे. आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षे, असा हिशेबही दिला आहे. जातीच्या दाखल्याचेही तेच. प्रवर्गाप्रमाणे कोणाला १९५० पूर्वीचा, कोणाला १९६१ पूर्वीचा, तर कोणाला १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे भटजी विचारो की तहसीलदार विचारो, प्रश्न एकच : तुझा आजा कोण आणि पणजा कोण?

काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याला हा प्रश्न विचारला गेला. घरात कोणालाच उत्तर सांगता येईना. वडील नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत भातसा धरणावरच्या कामाची एक जीर्ण हजेरीची चिठ्ठी मिळाली; त्यापलीकडे काही नाही. तेव्हा आमचे थोरले काका म्हणाले, "कागुद शोधत बसू नगंस. आपली मानसं कुठं कुठं पुरलीत ते मला ठावं हाय. चल, दावतो." आमच्या घरात मयतास मूठमाती देण्याची चाल आहे. अशा रीतीने आम्ही आमच्या घराण्याचा इतिहास शोधावयास निघालो, तो दप्तरखान्यात नव्हे, तर मसणवटीत.

येथे एक खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात बहुसंख्य हिंदू दहन करतात, त्यामुळे त्यांच्या पूर्वजांची थडगी नसतात. परंतु लिंगायत, नाथपंथी, गोसावी पुरतात. मुसलमान, ख्रिस्ती आणि कोकणातले बेने इस्रायल पुरतात. कित्येक आदिवासी आणि कष्टकरी जातींतही पुरण्याची चाल होती व काही ठिकाणी अजून आहे. दहन करणाऱ्या घरांतही तान्हे मूल पुरलेच जाते. आणि ज्यांचे दहन होते त्यांच्या अस्थी आपल्या या भागातून कसारा घाट चढून नाशिकला, रामकुंडात जातात. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत येणाऱ्याचे नाव, गाव, बापाचे व आजाचे नाव लिहून ठेवण्याची जुनी रीत आहे. ज्यांचे पूर्वज नाशिकास जात होते त्यांनी त्या वह्या जरूर पाहाव्यात. पाच-पाच, सात-सात पिढ्या तेथे सापडतात. परंतु ज्यांना त्याच नाशकात काळारामाच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्यांची नावे त्या वह्यांत कोठून येणार? त्यांचा इतिहास वहीत नाही, मातीत आहे.

आमची पहिली भेट भातसानगरला झाली. बिरवाडीजवळची ही वसाहत धरणाच्या कामासाठी उभी राहिली. १९७०च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९८०नंतरच्या काही वर्षांत पुरे झाले. आमचे आईवडील तेथे रोजंदारीवर होते; वडील खडीच्या कामावर, आई माती वाहण्याच्या. आमचा जन्म त्या काळातला. आमच्या पाठची एक बहीण होती आणि ती बाराव्या दिवसाच्या आत गेली, हे आम्ही ऐकून होतो. पण तिला कोठे ठेवली हे कधी विचारले नव्हते. त्या दिवशी आई आमच्याबरोबर आली. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले. मजुरांच्या झोपड्या जेथे होत्या तेथे आता करवंदीच्या जाळ्या माजल्या आहेत. आईने ओहोळाच्या कडेचे एक झाड खुणेला धरले होते. ते झाड कोणी तोडून नेले होते. मात्र दगडांच्या लहान लहान राशी दिसल्या. एक नव्हे, तीन.

"आई, यातली आपली कोणची?" आम्ही विचारले.

आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आता न्हाय सांगता येत रं बाबा. त्या उन्हाळ्यात चार घरची लेकरं गेली." आणि तिने पदराच्या गाठीतले हळदकुंकू सोडून तिन्ही राशींवर वाहिले.

त्या बहिणीचे बारसे झाले नव्हते, म्हणून तिला नाव नव्हते. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नोंद नाही. जन्ममृत्यूच्या नोंदीचा केंद्रीय कायदा १९६९ साली झाला होता. पण कायदा होणे आणि तो मजुरांच्या झोपडीपर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, हे आपण जाणताच. आज मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी भातसेचे आहे. ते पाणी अडविण्यासाठी किती सिमेंट लागले, किती खोदाई झाली, याचे आकडे सरकारी पुस्तकात मिळतील. त्या उन्हाळ्यात चार घरची लेकरे गेली, हा आकडा फक्त आमच्या आईपाशी होता. आणि तो आम्ही वेळेवर विचारला म्हणून मिळाला.

दुसरी भेट आजोबांची. भातसेच्या आधी वैतरणेचे धरण झाले. १९५७ साली ते पुरे झाले आणि ज्यांनी ते योजिले त्या मुंबई महापालिकेच्या नामांकित इंजिनिअरांच्या, ना. वि. मोडकांच्या, नावाने त्या तलावाला मोडकसागर म्हणतात. मोडक मोठे इंजिनिअर होते आणि तलावाला त्यांचे नाव योग्यच आहे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. त्या कामावर आमचे आजोबा दगड फोडीत होते आणि काम संपण्याआधीच तापाने वारले. वडील तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. काकांनी जंगलातल्या एका टेपाडावर नेऊन एक आडवा काळा दगड दाखविला. शेवाळ खरवडले तेव्हा त्यावर छिन्नी आणि हातोडी कोरलेली दिसली. अक्षर एकही नव्हते. "कोरनाऱ्याला कुठं लिव्हता येत व्हतं? हत्यार कोरता येत व्हतं, त्यानं हत्यार कोरलं," काका म्हणाले.

आम्ही त्या दगडापाशी बराच वेळ बसलो. निरक्षर माणसांनी निरक्षर सोबत्यासाठी केलेला तो शिलालेखच होता. त्यात नाव नव्हते, पण धंदा होता. आणि ज्यांनी तो कोरला त्यांचा जिव्हाळा होता. परंतु ही खूण वाचावयास काका लागले. काका नसते तर तो जंगलातला एक दगड ठरला असता. ही पहिली गोष्ट आम्ही शिकलो : थडगे आपण होऊन बोलत नाही. थडगे, ते ओळखणारा माणूस आणि एखादा कागद, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे इतिहास उभा राहतो. तिघांपैकी माणूस सर्वांत आधी जातो.

कागदाचे प्रकरण तिसऱ्या भेटीत आले. पणजोबा कसाऱ्याच्या बाजूला रेल्वेच्या गँगमध्ये होते आणि मानमोडीत गेले, असे काकांनी ऐकलेले. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्ल्युएंझा; त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. इतकी माणसे एकाच वेळी गेली की, त्यांना वेगवेगळे खड्डे मिळणेही कठीण झाले. काकांनी दाखविलेल्या जागी सपाट मैदानच होते. एकही दगड नाही. तेव्हा आम्ही तहसील कचेरीतल्या अभिलेखाकडे वळलो. गावच्या जन्ममृत्यूची नोंद पूर्वी गाव नमुना १४ मध्ये होत असे. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पाने मोडीत असतात. मोडी वाचणारे एक सेवानिवृत्त गुरुजी आम्ही बरोबर नेले. १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने उघडली आणि गुरुजींचा आवाज बसला. ओळीमागून ओळ, नावामागून नाव, आणि मरणाचे कारण एकच : ताप, ताप, ताप. त्या रांगेत आमचे पणजोबा सापडले. त्यांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, वय, जात. त्यांच्या खाली दोन ओळी सोडून एका स्त्रीची नोंद होती. तिचे स्वतःचे नाव नव्हते, फक्त 'अमक्याची बायको'. ती आमची पणजी.

श्रोतेहो, त्या दोन्ही पुरुषांची नावे येथे सांगून आम्ही आपला वेळ घेत नाही. ती आमच्या घरापुरती महत्त्वाची. पण त्या एका कागदाने पुतण्याचे काम झाले आणि आम्हांस खापरपणजोबांचे नाव मिळाले. आणि पणजीला सरकारने व आम्ही मिळून कायमचे नाव नाकारले, ही बोचही लागली.

खापरपणजोबांविषयी घरात एवढीच आठवण होती की, थोरल्या दुष्काळात माणसे नाणेघाट उतरून खाली आली आणि तानशाच्या कामाला लागली. थोरला दुष्काळ म्हणजे १८७६ ते १८७८चा. त्याने सारी दख्खन होरपळून काढली. आणि तानसा धरण पुरे झाले १८९२ साली. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची ती दगडी भिंत आजही मुंबईचे पाणी अडवून उभी आहे. मुंबईच्या पाण्याचा क्रम पाहिला तर विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, वैतरणा १९५७, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. हा क्रम आम्ही पुस्तकात वाचला होता. पण तानसा, वैतरणा आणि भातसा ही तीन नावे आमच्या घराची वंशावळही आहेत, हे आम्हांस मसणवटीत जाऊन कळले. तानशाच्या अलीकडे काकांना एक जागा ऐकून ठाऊक होती. तेथे आम्हांस काहीही सापडले नाही. सापडले नाही ते सापडले असे सांगू नये, हा इतिहासाचा पहिला नियम आम्ही त्या दिवशी पाळला आणि धरणाच्या भिंतीलाच नमस्कार करून परतलो.

हा नियम आम्ही शिकलो तो मात्र फजिती होऊन. काकांच्या सांगण्यावरून आम्ही जुन्नरच्या बाजूला आमच्या मूळ गावी गेलो. गावाच्या शिवेवर एक कोरीव दगड होता. "ह्यो आपला मूळ पुरुष. लढाईत पडला," काका छाती काढून म्हणाले. आम्हीही नारळ फोडला, फोटो काढला. पुढे एका जाणत्या गृहस्थांना तो फोटो दाखविला तेव्हा ते हसू आवरून म्हणाले, "हा वीरगळ नव्हे हो, गधेगाळ आहे." गधेगाळ म्हणजे दान दिलेली जमीन जो बळकावील त्याला दिलेली शिवी, दगडावर गाढव कोरून ती कायमची करून ठेवलेली असते. आम्ही आमचा मूळ पुरुष म्हणून तिला नारळ वाहून आलो होतो!

तेव्हापासून आम्ही दगड वाचावयास शिकलो. आपल्या भागातल्या श्रोत्यांना उपयोगी पडेल म्हणून थोडे सांगतो. वीरगळावर बहुधा तीन-चार कप्पे एकावर एक असतात. तळाशी वीर पडलेला किंवा लढताना. त्यावर अप्सरा त्याला वर नेताना. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना. आणि माथ्यावर कलश, सूर्य, चंद्र. सूर्यचंद्र असेपर्यंत कीर्ती राहील, हा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर शिलाहारांच्या काळची गलबतांची लढाई कोरलेली आहे. सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. आदिवासी पाड्यांवर वीर किंवा चिरा बसवतात. त्यावर घोडेस्वार, सूर्य, चंद्र असतात आणि वर्षाच्या सणाला त्याला मान मिळतो. घरात देव्हाऱ्यात ठेवलेले टाक पाहावेत. त्यांत देवांबरोबर घराण्यातले वीरही असतात. पण वीरगळावर बहुधा नाव नसते. म्हणून गावचा वीरगळ आमचाच, असा दावा कोणी करू नये. पूर्वज थोर निघावा ही हौस इतिहासाची वैरीण आहे. आमचा पूर्वज खडी फोडीत होता, हे आम्ही सिद्ध करू शकतो. तो सरदार होता, हे आम्हांस सिद्ध करता येत नाही आणि त्याची गरजही नाही.

परत येताना आम्ही नाणेघाटातून खाली उतरलो. ज्या वाटेने खापरपणजोबा दुष्काळात उतरले असतील, ती ही वाट. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची लेणी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेथे राणी नागनिकेच्या घराण्याच्या प्रतिमा दगडात कोरल्या होत्या : राजा सिमुक, स्वतः राणी आणि राजा सातकर्णी, एक महारठी आणि काही राजकुमार. त्या घराण्याचे ते पितरांचे दालनच. भिंतींवर यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. आम्ही दिवा धरून पाहिले. प्रतिमा आता उरलेल्या नाहीत. कोठे पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात. पण प्रत्येक प्रतिमेच्या जागेवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेली नावे आहेत.

काका निरक्षर. त्यांनी विचारले, "काय लिव्हलंय?" आम्ही सांगितले की, बाबाची, आईची आणि पोरांची नावे लिहिली आहेत. काका म्हणाले, "मूर्ती गेली आन्‌ नाव ऱ्हायलं म्हन की." आमच्या साऱ्या शोधाचे सार काकांनी एका वाक्यात सांगितले. राजाराणीची मूर्तीसुद्धा टिकली नाही. लिहिलेले नाव टिकले. मग आमच्या दगडांच्या राशी काय टिकणार? म्हणून नावे लिहिली पाहिजेत.

दुसरे देश हे काम कसे करतात, हेही पाहण्याजोगे आहे. हिंदुस्थानात मेलेल्या युरोपियनांच्या कबरींची काळजी वाहण्यासाठी १९७६च्या सुमारास इंग्लंडात थिऑन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. तिने कबरींवरची अक्षरे उतरवून घेतली आणि नातवंडा-पणतवंडांना त्यांचे पूर्वज सापडू लागले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्रजांनी युद्धातील मृतांसाठी आयोग नेमला. सेनापती असो की शिपाई, सर्वांना सारखाच दगड, असा त्याचा दंडक. पुण्याजवळ खडकीला ती शिस्तीची रांग पाहावयास मिळते. पण याच आयोगाने २०२१ साली मोठ्या मनाने कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील किमान १ लाख १६ हजार मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्त यांकडील सैनिकांची व हमालांची, नावानिशी आठवण ठेवली गेली नाही. म्हणजे समतेचा दंडक लिहूनही हमाल नावाविनाच राहिला.

घाटांच्या रेल्वेचेही तेच. बोरघाटाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे चालविले. हे धैर्याचे काम होते आणि त्या बाईचे नाव इतिहासात आले, याचा आम्हांस आनंद आहे. पण त्या घाटात पटकीने आणि अपघाताने जे हजारो मजूर मेले, त्यांची नावे कोठे आहेत? आमच्या कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१ साली आली आणि थळघाट चढून इगतपुरीस पोहोचली १८६५ साली. त्या चार वर्षांत घाटात कोण कोण पुरले गेले?

माणसांनी मनावर घेतले तर नाव राहते, याचे उदाहरण आपल्याच मुरबाड तालुक्यात आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी २ जानेवारीस लोक तेथे जमतात. शाळकरी मुलेही ती दोन नावे घेतात. ते स्थान जिवंत राहिले ते दगडामुळे नव्हे. वर्षातून एकदा चालत जाऊन नाव घेणाऱ्या पायांमुळे.

आता हे सारे केवळ भावनेचे काम आहे, असे कोणी समजू नये. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात विहिरी आणि देवस्थाने यांच्याबरोबर दफनभूमीही स्पष्ट लिहिली आहे. त्याच यादीत जुन्या नोंदींतील माणसापर्यंत पोहोचणारी वंशावळ आहे आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही, एकाहून अधिक लागतात. म्हणजे आम्ही मसणवटीत जे शिकलो तेच नियमात लिहिले आहे : दगड, माणूस आणि कागद. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कितीतरी ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांपाशी सातबारा नाही, पण आजाची माती आहे. ती माती दाखविणारा म्हातारा जिवंत आहे तोवरच ती पुरावा आहे. तो गेला की दगडांची रास.

आणि कित्येकांची मातीही पाण्याखाली आहे. भातसेच्या बुडितात घरे गेली, शेते गेली, त्यांची किंमत कमी-जास्त कोणी तरी मांडली. मसणवटही गेली, तिची किंमत कोणत्या तक्त्यात मांडली? एका म्हाताऱ्या बाईने आम्हांस सांगितले की, सर्वपित्री अमावास्येला ती तलावाच्या काठी पान ठेवते. कावळा शिवो न शिवो, ती म्हणते, "सासरा खाली हाय, त्याला दिसतंय." त्या बाईला खाली बुडालेल्या गावाचा रस्ता न् रस्ता पाठ आहे. तो कोणी लिहून घेतला का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "भाऊ, मला इचारायला आलेले तुमीच पयले."

म्हणून आमची विनंती अगदी साधी आहे. या मे महिन्यात मुले सुट्टीवर घरी आहेत. एक शंभर पानी वही घ्यावी. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडे जावे. शक्यतो बाईकडे, कारण मसणवटीत पुरुष जातात, पण कोण कधी आणि कशाने गेले हे बाया लक्षात ठेवतात. नाव, गाव, काम, मरणाचे साल, पुरल्याची किंवा जाळल्याची जागा लिहावी. साल आठवत नसेल तर 'दुष्काळाच्या वर्षी', 'धरणाचे काम चालू असता' असे जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. बायांची नावे माहेरच्या नावासह लिहावीत. मग जागेवर जावे, नकाशा काढावा, झाडाची खूण मात्र धरू नये. झाड तोडले जाते, हे आमच्या आईला विचारावे. त्यानंतर कोतवाल बुक, शाळेचा जुना दाखल-खारीज रजिस्टर, फेरफार, हजेरीपट पाहावेत. आणि राशीवर सिमेंटचा चौथरा बांधून मोठेपणा दाखवू नये. दगड आहेत तसे राहू द्यावेत. नाव वहीत लिहावे आणि वहीच्या दोन प्रती कराव्यात.

आम्ही आमच्या वहीत पहिल्या पानावर बहिणीची नोंद केली. नाव काय लिहावे, असा प्रश्न पडला. आईला विचारले. ती म्हणाली, "बारशाला जे ठेवायचं व्हतं ते माझ्या मनात व्हतं." इतक्या वर्षांत तिला ते कोणी विचारले नव्हते. तिने ते सांगितले आणि आम्ही ते लिहिले. पणजीची जागा मात्र कोरीच आहे. ती भरून काढणारे कोणीही आता उरलेले नाही.